फिरत्या गाडीतला फ्रीज : बॅटरी निवडण्याआधी करायचा हिशेब

माझी वहिनी आणि तिच्या बचत गटातल्या सहा बाया पनीर, दही, ताक आणि खवा घेऊन यवतमाळ जिल्ह्यातले चार आठवडी बाजार करतात. सुरुवातीला थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ घालून माल नेला जाई; नंतर गटाने एक छोटा मालवाहू टेम्पो घेतला आणि त्यात फ्रीज बसवला. वायरिंगचे काम मी करतो, म्हणून जोडणी माझ्याकडेच आली. मी तो फ्रीज सरळ गाडीच्या बॅटरीवर जोडला. एप्रिलच्या दुसऱ्याच बाजारात दुपारी दोनच्या सुमारास फ्रीज बंद पडला, संध्याकाळी निघताना गाडीचा स्टार्टरही फिरला नाही आणि बारा किलो पनीर फेकून द्यावे लागले. सहा घरांची आठवड्याची कमाई त्या एका दुपारी गेली. त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला, आणि गाडीत फ्रीज बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाला तो आधी कळावा, पनीर फेकल्यानंतर नव्हे, म्हणून तो इथे लिहीत आहे.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो "किती एएचची बॅटरी देऊ?" असा; एएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते याचे माप. त्या प्रश्नाचे उत्तर बॅटरीकडे पाहून मिळत नाही, कारण बॅटरी वीज तयार करत नाही. ती रांजणासारखी असते; सकाळी जेवढे भरले तेवढेच दिवसभरात निघते, किंबहुना थोडे कमीच. म्हणून आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवशी फ्रीज किती वीज पिणार, आणि तो रांजण रोज पुन्हा भरण्याची सोय आपल्याकडे खरोखर किती आहे. या दोन उत्तरांच्या मध्ये बॅटरीची निवड जवळजवळ आपोआप होते.

फ्रीज कोणता, यावरच निम्मा हिशेब ठरतो. गाडीत वापरण्यासाठी तीन प्रकारच्या वस्तू विकल्या जातात. पहिला प्रकार म्हणजे सिगारेट लायटरच्या जागी लावायची कूलर-पेटी, जिच्यात कॉम्प्रेसर नसतो. ती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 15 ते 20 अंशांनी आतले तापमान उतरवू शकते. डोंगरात फिरायला जाणाऱ्यासाठी हे पुरेसे असेल, पण अकोला, चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीला पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा त्या पेटीच्या आत 25 ते 30 अंश राहतात, आणि त्या तापमानाला दूध नासतेच. शिवाय ती पेटी न थांबता वीज ओढत राहते. दुधाच्या किंवा औषधाच्या धंद्यासाठी तिचा विचारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार म्हणजे घरचाच फ्रीज इन्व्हर्टरवर चालवणे. घरचा फ्रीज स्वस्त मिळतो, जुनाही चालतो, म्हणून हा मोह सगळ्यांना होतो. परंतु जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या क्षणी चालू असतानाच्या कितीतरी पट, पाच ते आठ पटही, विजेचा झटका मागतो. तो झटका सोसेल एवढा मोठा इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि मोठा इन्व्हर्टर फ्रीज थांबलेला असतानाही स्वतःसाठी वीज खात बसतो. हे खाणे 15 वॅट धरले तरी चौदा तासांत 210 वॅट-तास (वॅट गुणिले तास) नुसते इन्व्हर्टर गरम करण्यात जातात. त्याशिवाय बॅटरीची वीज घरगुती विजेत बदलताना दहा-पंधरा टक्के गळती होते ती वेगळीच. आपल्याकडचे पांदण रस्ते आणि उखडलेले डांबर यांवरून रोज आदळत जाण्यासाठी घरच्या फ्रीजचे कॉम्प्रेसर आणि तांब्याच्या बारीक नळ्या बनवलेल्या नसतात, हेही लक्षात घ्यावे.

तिसरा प्रकार म्हणजे 12 किंवा 24 व्होल्टवर थेट चालणारा, कॉम्प्रेसर असलेला, वरून उघडणारा फ्रीज. त्याची किंमत पहिल्यांदा ऐकली की महाग वाटते, पण त्यामुळे इन्व्हर्टरचा खर्च आणि गळती वाचते, लहान बॅटरी पुरते, आणि झाकण वर असल्यामुळे उघडल्यावर जड असलेली थंड हवा खाली सांडत नाही. आम्ही शेवटी हाच घेतला. पुढचा सगळा हिशेब त्याच्याच आधाराने करतो.

पन्नास-साठ लिटरचा असा फ्रीज चालू असताना साधारण 55 वॅट घेतो. तो सतत चालत नाही. आत हवी तेवढी थंडी झाली की थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. डिसेंबरमध्ये तो तासाभरात वीस मिनिटे चालला तरी भागते. मे महिन्यात, आणि विशेषतः नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ सर्वांत तापलेल्या दिवसांत, तोच फ्रीज तासाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे चालतो, कारण बाहेरची उष्णता भिंतींतून सतत आत शिरते आणि ती बाहेर टाकणेही तापलेल्या हवेत कठीण होते. आमचा बाजाराचा दिवस सकाळी सहा ते रात्री आठ, म्हणजे चौदा तासांचा. 55 वॅट गुणिले 14 तास गुणिले 0.7 (तासातला फ्रीज चालू असण्याचा वाटा) असे केले की सुमारे 540 वॅट-तास येतात. त्यात वजनकाटा, एक छोटा पंखा आणि संध्याकाळचा एलईडी दिवा यांचे साठ मिळवले की 600 होतात. हिवाळ्यातला आकडा याच्या निम्मा येतो, आणि हिवाळ्यात बसवलेली जोडणी उन्हाळ्यात धोका देते त्याचे कारण हेच आहे.

हा हिशेब माल आधीच थंड असेल तरच खरा ठरतो. दहा लिटर ताक 35 अंशांवरून 5 अंशांवर आणायचे तर त्यातून सुमारे 350 वॅट-तास उष्णता काढावी लागते. उन्हाळ्यात छोटा कॉम्प्रेसर एक वॅट-तास विजेत एक ते दीड वॅट-तास उष्णता बाहेर काढतो, म्हणजे फक्त तेवढे ताक थंड करायला अडीचशे ते साडेतीनशे वॅट-तास वीज लागेल, जी दिवसाच्या एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास आहे. म्हणून माल रात्री घरच्या विजेवर, मोठ्या फ्रीजमध्ये पूर्ण थंड करूनच गाडीत भरावा आणि गाडीतला फ्रीजही रात्रीच लावून थंड करून ठेवावा. गाडीच्या बॅटरीचे काम थंडी टिकवण्याचे आहे. थंड करण्याचे काम तिच्यावर टाकले की दुप्पट बॅटरी विकत घ्यावी लागते.

आता बॅटरीकडे वळू. बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत लिहिलेली असते, ज्याला दुकानात सगळे एएच म्हणतात. त्या आकड्याला व्होल्टने गुणले की वॅट-तास मिळतात. 12 व्होल्टची 100 एएचची बॅटरी कागदावर 1200 वॅट-तासांची असते. मात्र शिशाच्या बॅटरीवरचा आकडा ठरावीक वेगाने वीज काढल्यावरचा असतो. तिच्यावर "सी20" असे लिहिले असेल तर वीस तासांत संथपणे रिकामी केल्यावर ती तेवढी वीज देते, असा त्याचा अर्थ. त्याच बॅटरीतून घाईने वीज काढली तर एकूण कमी मिळते. दोन दुकानांतल्या बॅटऱ्यांची तुलना करताना दोन्ही 150 एएचच्या, पण एकीवर सी20 आणि दुसरीवर सी10 (दहा तासांत रिकामी केल्यावर) असेल, तर सी10 ची 150 एएच प्रत्यक्षात अधिक भरते, हे विचारून घ्यावे.

गाडीची स्वतःची बॅटरी फ्रीजसाठी का चालत नाही, हे मला त्या एप्रिलमध्ये कळले. स्टार्टर फिरवायला काही सेकंदांसाठी प्रचंड प्रवाह लागतो, म्हणून त्या बॅटरीत पातळ पातळ शिशाच्या पुष्कळ पट्ट्या असतात. अशा पट्ट्या भराभर वीज देतात, पण खोलवर रिकाम्या झाल्या की लवकर झिजतात. काही डझन वेळा ती पूर्ण उतरली की बॅटरी निकामी व्हायला लागते. याउलट इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीतल्या पट्ट्या जाड आणि नळ्यांत बंद केलेल्या असतात, त्यामुळे रोज हळूहळू वीज देण्याचे काम ती वर्षानुवर्षे करू शकते. फ्रीजला वेगळी बॅटरी द्यावी आणि ती गाडीच्या बॅटरीपासून आयसोलेटरने तोडलेली असावी, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही भरतील आणि इंजिन बंद झाले की फ्रीज गाडीच्या बॅटरीला हात लावणार नाही. रात्री आठ वाजता गावाबाहेरच्या बाजारात गाडी चालू न होणे ही बायांसाठी पनीर नासण्यापेक्षा मोठी अडचण आहे.

शिशाच्या बॅटरीचा रांजण तळापर्यंत वापरता येत नाही. तिचे आयुष्य टिकवायचे असेल तर निम्म्यापेक्षा खाली जाऊ देऊ नये. ती रिकामी पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कडक पांढरे खडे धरतात आणि ते पुन्हा पूर्ण विरघळत नाहीत. लग्नसराईत पंधरा दिवस बाजार बंद राहिले आणि बॅटरी अर्धवट उतरलेलीच ठेवली, तर ती उभ्या उभ्या खराब होते. त्यामुळे हिशेब असा करावा लागतो. आपल्या 600 वॅट-तासांत झाकण जास्त उघडणे, ढिले कनेक्शन अशा गोष्टींसाठी शंभर मिळवून 700 धरले, तर 12 व्होल्टला ते 58 एएच होतात. निम्मीच वापरायची म्हणून त्याची दुप्पट केली की 117 होतात, आणि बॅटरी जुनी होईल तशी क्षमता उतरते त्याची सोय केली की आकडा 145 च्या आसपास जातो. म्हणून शिशाची घ्यायची तर 150 एएचची ट्युब्युलर.

दुसरा पर्याय लिथियमचा. लिथियम हा एकच प्रकार नाही, आणि इथे नीट पाहून घेणे फार आवश्यक आहे. फ्रीजसाठी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, जिला दुकानदार एलएफपी म्हणतात. तिचा एक सेल 3.2 व्होल्टचा असतो, चार सेल जोडले की 12.8 व्होल्ट होतात आणि 12 व्होल्टच्या फ्रीजशी ते नीट जुळते. मोबाइलमध्ये आणि पुष्कळशा स्कूटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या लिथियम सेलचे व्होल्ट 3.6 ते 3.7 असतात, तीन जोडले तर कमी पडतात, चार जोडले तर जास्त होतात, आणि बिघाड झाल्यास ते कमी तापमानाला पेट घेतात. जुन्या स्कूटरच्या पॅकमधले सेल काढून जोडलेल्या स्वस्त बॅटऱ्या अलीकडे तालुक्याच्या गावांतही मिळू लागल्या आहेत. गाडीत माणसे बसतात, म्हणून त्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. एलएफपी बॅटरीतही बीएमएस नावाचे संरक्षक सर्किट असलेच पाहिजे, जे सेल जास्त भरणे, जास्त उतरणे, शॉर्ट होणे आणि तापणे या चारही वेळी बॅटरी तोडते.

एलएफपीचा रांजण जवळजवळ तळापर्यंत वापरता येतो. ऐंशी टक्के वापरली तरी दोन हजारांहून अधिक वेळा भरता-उतरवता येते. तोच 700 वॅट-तासांचा हिशेब इथे केला तर 55 एएच, ऐंशी टक्क्यांच्या नियमाने 69 आणि म्हातारपणाची सोय धरून 86 होतात, म्हणजे 100 एएचची बॅटरी पुरते. वजनातला फरक तर हाताला कळतो : पाणी भरलेली 150 एएचची ट्युब्युलर पन्नास-साठ किलोंची असते आणि उचलायला दोन माणसे लागतात, 100 एएचची लिथियम बारा-तेरा किलोंची असते आणि वहिनी ती एकटी काढून घरात आणते.

किमतीत लिथियम सुरुवातीला बरीच जड पडते. तुलना करताना मात्र नुसती किंमत पाहू नये. किंमत भागिले प्रत्यक्ष वापरता येणारे वॅट-तास, आणि पुन्हा भागिले ती किती वेळा भरता-उतरवता येईल तो आकडा, असा भागाकार करावा. आठवड्याला चार बाजार म्हणजे वर्षाला सुमारे दोनशे फेऱ्या होतात. काळजी घेतलेली ट्युब्युलर आपल्या उन्हात तीन-चार वर्षे निघाली तर ती चांगली निघाली असे म्हणावे. एलएफपी फेऱ्यांच्या हिशेबाने दहा वर्षे जाऊ शकते, पण उष्णतेने तीही झिजते, म्हणून मी दहा न धरता सहा-सातच धरतो. एवढे धरूनही हिशेब लिथियमच्या बाजूने झुकतो. तरीही ज्याच्याकडे घरी इन्व्हर्टरची चांगली ट्युब्युलर आधीच आहे, किंवा जो आठवड्याला एकच बाजार करतो, त्याने कर्ज काढून लिथियम घेण्याची गरज नाही.

आमच्या गावात निवड किमतीने झाली नाही, ती भरण्याच्या वेळेने झाली. शिशाची बॅटरी पहिले ऐंशी टक्के झपाट्याने भरते आणि उरलेल्या वीस टक्क्यांसाठी तासन्‌तास घेते. 150 एएचला साधारण 15 अँपिअरचा चार्जर लावतात. दिवसभरात खर्च झालेले 58 एएच परत भरून वरपर्यंत न्यायला आठ-नऊ तास अखंड वीज लागते. गाडी रात्री नऊला घरी येते, पहाटे पाचला निघते, आणि मध्ये दोन तास लाइट गेली की बॅटरी भरलेली नसतेच. असे आठवडाभर झाले की ती रोज थोडी अर्धपोटी राहते आणि सल्फेट धरते. लिथियमला 30 अँपिअरचा चार्जर लावला तर तेच काम दोन तासांत होते. रात्रीतून कधीतरी दोन तास वीज मिळतेच. ज्या गावात वीज बेभरवशाची आहे तिथे लिथियमचा खरा फायदा हा आहे, आणि दुकानदार तो क्वचितच सांगतात.

चालत्या गाडीवर बॅटरी भरेल, या भरवशावर राहू नये. आमचे बाजार पंचवीस-तीस किलोमीटरवर आहेत. चाळीस मिनिटांच्या वाटेत 20 अँपिअर मिळाले तरी तेरा-चौदा एएच भरतात, गरज मात्र 50 च्या पुढे आहे. लिथियमच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. ती मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेते, त्यामुळे साध्या आयसोलेटरवर जोडल्यास गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारे यंत्र) सतत पूर्ण भाराने चालून जळू शकतो. तिच्यासाठी मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा लागतो, जो प्रवाहाला आणि व्होल्टेजला लगाम घालतो. काही नव्या गाड्यांमध्ये इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक कमी-जास्त करतो. तिथे तर शिशाच्या बॅटरीलाही हाच चार्जर लागतो.

टपावर सौर पॅनेल बसवणे चांगलेच, पण त्याचाही आकडा नीट धरावा. 200 वॅटचे आडवे बसवलेले पॅनेल मे महिन्यात दिवसाला सुमारे सातशे वॅट-तास देते, म्हणजे आमचा दिवस जवळजवळ निघतो. कोवळ्या उन्हापेक्षा कडक उन्हात पॅनेल जास्त काम करते हे खरे असले, तरी ते स्वतः तापल्यावर 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची ताकद चार-दशांश टक्क्याच्या आसपास घटते, म्हणून ते टपाला चिकटवून न बसवता तीन-चार इंच वर उचलून बसवावे. त्याचा दुसरा फायदा असा की टपावर सावली राहते आणि गाडी आतून कमी तापते. श्रावणात ढग असताना तेच पॅनेल निम्म्याहून कमी देते. बाजारात एक पेच मात्र नेहमी पडतो : गाडी कडुनिंबाखाली लावली तर फ्रीज सुखी आणि पॅनेल उपाशी, उन्हात लावली तर उलटे. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे एका फांदीच्या सावलीनेही उत्पादन खूप घटते. आम्ही गाडी सावलीतच लावतो, कारण बायांनाही दिवसभर तिथेच बसायचे असते, आणि एक सुटे पॅनेल जाड वायरने आठ-दहा फुटांवर उन्हात उभे करतो.

वायरीची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण दुसऱ्यांदा आमचा फ्रीज बंद पडला तो बॅटरीमुळे नव्हे. वेगळी बॅटरी बसवून झाल्यावरही एका दुपारी वहिनीचा फोन आला, "भाऊजी, मीटर त बॅटरीत जीव आहे म्हणून दाखवून रायलं, मंग फ्रीज काऊन बंद पडला?" मी मल्टीमीटर घेऊन गेलो. बॅटरीच्या टोकांवर 12.1 व्होल्ट होते. फ्रीज सुरू होताच त्याच्या प्लगवर 11.4 दिसले. मधले 0.7 व्होल्ट वायरीने खाल्ले होते. बॅटरी केबिनमागे आणि फ्रीज मागच्या टोकाला, अंतर सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर. आणि मी घरात बोर्डाला वापरतो ती दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती. घरच्या 230 व्होल्टमध्ये पाऊण व्होल्ट गेले तर कोणाला कळतही नाही, पण 12 व्होल्टमध्ये ते गेले की फ्रीजला बॅटरी उतरल्याचा भास होतो आणि तो बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःला बंद करतो. तीच वायर 6 स्क्वेअर एमएमची केल्यावर घट 0.2 व्होल्टच्या आत आली आणि फ्रीज त्याच बॅटरीवर संध्याकाळपर्यंत चालला. लायटरच्या खाचेतला प्लगही काढून टाकला, कारण तो खड्ड्यांत ढिला होऊन तापतो. टोकांना थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबून नटाने आवळले. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला, कारण पत्र्यावर घासून वायर उघडी पडली तर तिथून पुढची आग फ्यूजच अडवतो.

अशा फ्रीजमध्ये किती व्होल्टला बंद व्हायचे, याच्या बहुधा तीन पातळ्या दिलेल्या असतात. गाडीच्याच बॅटरीवर असेल तर सर्वांत वरची पातळी ठेवावी, वेगळ्या बॅटरीवर असेल तर मधली किंवा खालची. शिशाच्या बॅटरीत किती वीज उरली हे दोन-तीन तास विसावल्यानंतरच्या व्होल्टवरून कळते : 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे आपण उशीर केला. लिथियममध्ये हा उपाय चालत नाही, कारण ती जवळजवळ शेवटपर्यंत 13 च्या आसपासच व्होल्ट दाखवते आणि मग एकाएकी उतरते. तिच्यासाठी आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजणारा, शंट असलेला मीटर लावावा. तो खर्च टाळू नये.

उष्णता ही विदर्भातल्या प्रत्येक बॅटरीची वैरी आहे. शिशाच्या बॅटरीचे तापमान 25 अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. बंद पत्र्याच्या टेम्पोत मे महिन्याच्या दुपारी पन्नास अंश सहज होतात. अनेक लिथियम बॅटऱ्यांच्या कागदावर चार्जिंगची वरची मर्यादा 45 अंशांचीच असते, म्हणजे आपल्याकडे ऐन दुपारी सौर पॅनेल वीज देत असताना बीएमएस ती घेणेच नाकारू शकते. विकत घेताना हा आकडा वाचून घ्यावा आणि जास्त मर्यादेची बॅटरी निवडावी. बॅटरी इंजिन आणि सायलेन्सरपासून दूर, केबिनमागे सावलीत, खालून हवा लागेल अशी ठेवावी आणि पट्ट्यांनी घट्ट बांधावी. पाण्याची बॅटरी खाण्याच्या मालाबरोबर एकाच बंद डब्यात ठेवूच नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, जो ठिणगीने पेटतो, आणि आम्लाचे सूक्ष्म तुषारही उडतात. खड्ड्यांतून आम्ल हिंदकळते तेही वेगळे. बंद, पाणी न लागणारी शिशाची बॅटरी सांडत नाही, पण उन्हात आतले पाणी उडाले तर ते पुन्हा घालता येत नाही, म्हणून आपल्या हवेत मी ती सुचवत नाही.

जनावरांच्या लसी नेणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. लाळ्या-खुरकूताची लस 2 ते 8 अंशांतच राहावी लागते आणि ती गोठली तरी वाया जाते, म्हणून तिथे दुप्पट राखीव बॅटरी आणि आत वेगळा तापमापक या दोन्ही गोष्टी हव्यातच. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांची मासळी बाजारात नेणाऱ्यांना मात्र बॅटरीपेक्षा चांगली पेटी आणि भरपूर बर्फ हाच स्वस्त मार्ग आहे, कारण एक किलो बर्फ वितळताना 93 वॅट-तास उष्णता शोषून घेतो.

हाच बर्फाचा आकडा आम्हालाही उपयोगी पडला. लिथियम बॅटरी बसवून झाल्यावर माल न भरता आम्ही एक चाचणी घेतली : नवतप्यातल्या एका दिवशी गाडी अंगणात उन्हात उभी केली, फ्रीजमध्ये थंड पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, गिऱ्हाईक आल्यासारखे दर दहा मिनिटांनी झाकण उघडले आणि दर दोन तासांनी मीटरचा आकडा वहीत लिहिला. हिशेबात 600 वॅट-तास धरले होते. रात्री आठला 690 निघाले. झाकण आम्ही समजलो होतो त्याहून जास्त वेळ उघडे राहत होते. दुसऱ्या दिवशी रात्रभर गोठवलेल्या चार एक-लिटरच्या बाटल्या तळाशी आणि कडेला लावून तोच प्रयोग केला, तेव्हा मीटर 460 वर थांबला. आता दर बाजाराच्या आदल्या रात्री वहिनी आधी त्या चार बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग चार्जरचे बटण दाबते.